माझ्या बाजूचा ब्रेक

मी, खाली सही करणारा, वय वर्षे त्र्याहत्तर, व्यवसाय मोटार ड्रायव्हिंग स्कूल, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, स्वखुशीने आणि कोणीही कानाशी लागलेले नसताना करून ठेवत आहे. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही. केले असते तर त्यात निम्मे खोटे लिहिले असते.

मन शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. माझ्या वयाच्या माणसाने तो जोडलेला बरा, असे वकील म्हणाले. तपासताना डॉक्टरांनी माझ्या मुलीला विचारले, "बाबांना सगळं समजतं ना? विसरतात वगैरे का?" मी त्या दोघांच्या मधोमध बसलो होतो. खरे तर मला संताप यायला हवा होता, पण आली ती शरम. चाळीस वर्षे मी हेच केले आहे. साठीचा गृहस्थ गाडी शिकायला आला की मी सोबतच्या मुलाला विचारायचो, "जमेल का यांना?" ऑफिसात पाटी होती: 'पन्नाशीपुढील उमेदवारांना दुप्पट तासिका आवश्यक.' असा नियम कुठेही नाही. तो माझ्या डोक्यातून निघाला होता.

आता वाटपाकडे वळतो.

कलम १. राहते घर पत्नीचे, तिच्यानंतर मुलीचे. बँकेतली शिल्लक दोघींची निम्मी निम्मी. स्वयंपाकघराचे दार सहा वर्षे जमिनीला घासते आहे. ते मी उद्या दुरुस्त करणार होतो, आणि हे सहा वर्षे म्हणत होतो. ते दारही आता पत्नीच्या गळ्यात पडते आहे, त्याबद्दल दिलगीर आहे.

कलम २. पाने, पकडी, जॅक आणि हत्यारांची लोखंडी पेटी मुलीला. जावईबापूंना मुद्दाम दिलेली नाही. मागच्या वर्षी गाडीचा टायर बसला तेव्हा ते म्हणाले, "बाबा, तुम्ही सावलीत बसा, तुम्हाला नाही झेपायचं." मी बसलो. ते आणि त्यांचे दोन मित्र पाऊण तास झटले आणि शेवटी कळले, की जॅक चुकीच्या जागी लावला होता. ते मला पहिल्या मिनिटालाच दिसले होते, पण मी सावलीतून हललो नाही. जावईबापूंना हत्यारे लागल्यास त्यांनी मुलीची परवानगी घ्यावी.

कलम ३. ड्रायव्हिंग स्कूल, त्याचे नाव आणि शिकवणीची मोठी गाडी पत्नीला. कारण लिहिण्याची गरज नसते, हे वकिलांनी मला तीनदा सांगितले. तरी लिहितो.

पंधरा वर्षांपूर्वी ती एक्कावन्न वर्षांची होती. दवाखान्यात परिचारिका म्हणून तिची सव्वीस वर्षे झाली होती. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णांच्या घरी जाऊन मलमपट्टी करायचे काम तिला देऊ केले गेले. अट एकच होती, गाडी स्वतः चालवता आली पाहिजे. ती म्हणाली, "मास्तर घरातच आहेत, मी बाहेर कशाला शोधू?" ती खूश होती. मी नव्हतो. ती सकाळी निघणार, गावभर फिरणार, लोक तिची वाट बघणार आणि संध्याकाळी कुलूप मी उघडणार, हे मला नको होते. तसे तोंडावर म्हणायची हिंमत नव्हती. म्हणून म्हणालो, "या वयात हातापायांचा मेळ बसत नाही गं. पण बघू."

पहिले तीन दिवस तिने गाडी छान चालवली, माझ्याकडच्या विशीतल्या निम्म्या पोरांपेक्षा बरी. चौथ्या दिवशी मी तिला पाण्याच्या टाकीजवळच्या चढावर नेले. शिकवणीच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशीही एक ब्रेक असतो. तो अपघात टाळण्यासाठी असतो. तिने क्लच सोडायला घेतला की मी माझ्या बाजूचा ब्रेक हळूच दाबायचो. गाडी हिसका देऊन बंद पडायची. मागून हॉर्न वाजायचे. असे अकरा वेळा केले. बाराव्या वेळी तिने गाडी सुरूच केली नाही. किल्ली काढून माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "माझ्या पायांत काही राहिलं नाही हो. तुम्ही म्हणत होतात तेच खरं."

मी म्हणालो, "असू दे. वय कोणाला चुकलंय?"

दुसऱ्या दिवशी तिने ते काम नाकारले. त्या वर्षापासून ती "आता वय झालं माझं" असे म्हणू लागली. आधी सायकल विकली. मग जिना चढताना कठडा धरू लागली. डोळे, गुडघे सगळे ठणठणीत होते, पण मनाने घेतले ते घेतले. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात. तिच्या पाठी तो मी लावून दिला आणि वर सोबत करायलाही मीच राहिलो. मला याची लाज वाटते. आज वाटू लागली असे नाही, तेव्हाही वाटत होती, पण तिच्यासोबत संध्याकाळचा गरम चहा मिळत होता.

कलम ४. शिकवणीची लहान गाडी उस्तादांना. उस्ताद म्हणजे माझ्याकडे एकोणीस वर्षे शिकवणारे गृहस्थ. त्या दिवशी चढावर ते दुसऱ्या उमेदवाराला घेऊन आमच्या मागेच होते. संध्याकाळी ऑफिसात म्हणाले, "साहेब, वहिनी गाडी उचलायला लागल्या की मागचे लाल दिवे लागत होते. ब्रेकवर पाय कोणाचा होता?"

मी म्हणालो, "उस्ताद, तुम्हाला हल्ली नीट दिसत नाही."

दोन महिन्यांत मी त्यांना पत्र दिले: 'वयोमानानुसार कार्यक्षमता घटल्याने सेवा समाप्त.' ते तेव्हा बासष्ट वर्षांचे होते. आज सत्त्याहत्तर आहेत, पलीकडच्या गल्लीत एका गाडीवर शिकवतात, आणि त्यांचे बहुतेक उमेदवार पिकल्या केसांचे असतात. ते सगळे दुप्पट तासिकांशिवाय परवाना काढतात. उस्ताद माझ्याविषयी कुठे एक शब्द बोलल्याचे ऐकिवात नाही. ते पत्र खोटे होते, असे मी इथे लिहून देतो.

दुरुस्ती. वरील मजकुराची टाइप केलेली प्रत वकिलांनी पाकिटातून घरी पाठवली. आमच्या घरी येणारे प्रत्येक पाकीट पत्नी उघडते. तिने उभ्या उभ्या शेवटपर्यंत वाचले आणि माझ्या खोलीत आली.

"हे मी तुम्ही गेल्यावर वाचायचं होतं?"

"हो."

"म्हणजे मी चिडायचं कोणावर? फोटोवर?"

दोन दिवस तिने ताट वाढले, पाणी ठेवले आणि कागद स्वतःजवळच ठेवला. तिसऱ्या दिवशी कागद माझ्यासमोर टाकून म्हणाली, "तिसरं कलम खोडा. मेल्यावर दिलेलं मला नको. द्यायचं तर आज द्या. आणि माफी मागायची तर तोंडानं मागा, वकिलाच्या भाषेत नको."

मी तोंडाने मागितली. सगळे वाक्य एका दमात म्हणता आले नाही. ती म्हणाली, "ऐकलं." माफ केले असे म्हणाली नाही, आणि ते मी इथे तसे लिहिणारही नाही.

सबब कलम ३ रद्द. स्कूल आणि मोठी गाडी मी हयातीतच तिच्या नावे केली आहे. ती सहासष्ट वर्षांची आहे आणि गाडी शिकते आहे, माझ्याकडे नव्हे, उस्तादांकडे. मी विचारले होते. ती म्हणाली, "तुमच्या शेजारी बसून नाही शिकायचं मला."

त्याच दिवशी भांडी आवरताना तिने विचारले, "पंधरा वर्षं रस्ता ओलांडताना मी तुमचा हात धरते. तुम्हाला कधी काही वाटलं नाही?" वाटायचे. बरे वाटायचे. हे तिला सांगता आले नाही, म्हणून इथे नोंदवतो.

कलम १, २ आणि ४ कायम. दुरुस्तीसह सर्व मजकूर मी स्वतः वाचला, तिलाही वाचून दाखवला. तिने काही बदलायला सांगितले नाही.

आज सकाळी उस्तादांची गाडी रस्त्याच्या पलीकडे येऊन थांबली. मी तिच्यासोबत फुटपाथच्या कडेपर्यंत गेलो. वाहने भरधाव जात होती. सवयीने माझा हात पुढे झाला. तिने दोन्ही बाजूंना पाहिले, थोडी थांबली आणि एकटीच पलीकडे गेली. मी हात खिशात घातला आणि घरी येऊन या कागदावर सही केली.

सही: ड्रायव्हिंग स्कूलचा माजी मालक

आमच्यासमोर सही केली:
साक्षीदार १: दाखला देणारे डॉक्टर
साक्षीदार २: शेजारचे औषध दुकानदार

स्थळ: राहते घर, जेवणाचे टेबल
दिनांक: १४ ऑक्टोबर, सकाळी साडेदहा