पाय माझा आहे

एल रोब्ले, ३ एप्रिल १९८७

चि. एलिएसेर यास बेतसाबेताईचे अनेक आशीर्वाद.

उसाचा खुंट तळपायात घुसला, त्याला दोन महिने झाले; जखम काही मिटेना. दुखत मात्र काडीचंही नाही, म्हणून गुऱ्हाळावर काहिलीपुढे उभी राहतेच. बाबा भरायचे तसा जखमेत गूळ किसून भरते. दवाखान्यातला डॉक्टर म्हणतो, साखरेचा आजार आहे, असंच चाललं तर पाय कापावा लागेल. मेला घाबरवतो! तू काली शहरातल्या इस्पितळात जखमाच बांधतोस, म्हणून विचारते, काय करू? गुड फ्रायडेला मात्र पाणी लावणार नाही हं. त्या दिवशी आंघोळ केली की माणसाचा मासा होतो, आई सांगायचीच.

रागावू नकोस, लोभ ठेव.

तुझी ताई

काली, ८ एप्रिल

ती. ताईस सा. न. वि. वि.

दुखत नाही हीच तर बोंब आहे! साखरेने तुझ्या पायाची जाणीवच मारली आहे. असे पाय मी रोज बघतो गं, मला भीती वाटते. गूळ बंद, जखमेवरही आणि पेल्यातही. उकळून गार केलेल्या पाण्याने रोज धू, स्वच्छ ओलसर पट्टी बांध. उन्हात वाळवू नकोस. खपली धरली म्हणजे जखम भरली असं नव्हे. मेलेलं मांस डॉक्टरलाच काढू दे. आणि त्या पायावर भार नको. जन्मभर उभी राहिलीस, आता बस! गुड फ्रायडेलाही धुवायचं. मासा झालीसच तर नदीत सोडायला मी येतो.

माया आहेच, ती यंदा पायावर कर.

तुझा एलिएसेर

एल रोब्ले, २४ मे

चि. एलिएसेर यास अनेक आशीर्वाद.

गुड फ्रायडेला दार लावून पाय धुतला. शेजारची एदेल्मिरा खिडकीतून खवले शोधत होती. तिला म्हटलं, आधी स्वतःच्या जिभेवर बघ. आता बाकावर पाय वर करून बसते नि तिथूनच ओरडते. गडी म्हणतात, बाई उभ्या होत्या तेच बरं होतं.

जखमेचा तळ लाल झालाय, कडा आत सरकतायत. भोक अजून आहेच. डॉक्टरने कापायची गोष्ट सोडली. पण म्हणाला, अजून कित्येक महिने असंच बसावं लागेल, जमेल का? मी म्हटलं, पाय माझा, मग महिनेही माझेच.

लोभ वाढव, काळजी कमी कर.

तुझी, दोन पायांची,
ताई