पाच कादंबऱ्या, चौदा पत्रं

३ जानेवारी
पाचाच्या तीन झाल्या. माझ्या गाईडबाईंनी पेन्सिलीने दोन कादंबऱ्या खोडल्या — तांदळातले खडे काढावेत तशा.
एका लेखकाच्या पाच कादंबऱ्यांतला एकाकीपणा. एम. ए.च्या प्रबंधिकेला जरा मोठाच विषय, हे मलाही कळतं. म्हणून तर निवडला. "एकाकीपणा कुठल्या पानावर आहे?" म्हणाल्या. "पान दाखवा."
पान दाखवा! मी काय घरं दाखवणारा दलाल आहे?
विभागात त्यांना सगळे कात्री म्हणतात. फारच सौम्य नाव.

११ जानेवारी
तिनाची एक.
तिसऱ्या मजल्यावरची ती खोली! खिडकीत वाळलेलं रोप, टेबलावर पेन्सिल, शार्पनर, घड्याळ. बावीस पानांच्या प्रस्तावनेतलं पहिलंच वाक्य वाचून थांबल्या.
"'मानवी अस्तित्वाची मूलभूत पोकळी' — ही तुम्ही पाहिलीत?"
मी पुढचं पान उलटून दिलं.
"मग कुणाचं ऐकून लिहिलंत?"
स्वतःच्या नावावर एकच पुस्तक. शंभर पानांचं. आणि तोरा बघा.

१२ जानेवारी
ताईला सांगितलं. ती नर्स आहे, नुकती ड्यूटीवरून आलेली. "कमी लिहा म्हणतायत ना? मग रडतोयस कशाला? आमच्या मेट्रनला पाठव त्यांच्याकडे शिकायला."
हिला काय कळणार. दिवसभर तापाचे तक्ते भरते.

२ फेब्रुवारी
आता अख्खी कादंबरीही नाही. तिच्यातली चौदा पत्रं. बहीण भावाला लिहिते, तो उत्तर देत नाही. "प्रत्येक पत्र कसं संपतं, तेवढंच बघा."
एकतीस मार्चला प्रबंधिका जमा झाली नाही तर नोंदणी रद्द. म्हणजे जूनपासूनची कॉलेजातली नोकरीही गेली. आणि मी पत्रांच्या शेपट्या मोजत बसू!

९ फेब्रुवारी
मोजल्या. रागारागात अठरा पानं झाली. नवव्या पत्रापासून ती भावाला काही विचारतच नाही. नुसतं सांगत राहते. कादंबरी पाचदा वाचली होती, हे दिसलं नव्हतं. असो. क्षुल्लक गोष्ट.
बाईंनी अठरा पानं दोनदा वाचली. पेन्सिल उचलली नाही. "हं. पुढे असंच."
हं! कौतुकाचा एक शब्द काढताना जीव जातो.

१६ फेब्रुवारी
गाईड बदलून मागितला. विभागप्रमुख स्वतः घेतो म्हणाले. सोफ्यावर बसवलं, चहा मागवला. "अरे, पाचच का? नाटकंही घे त्याची! तरुण आहेस, मोठा विचार कर." अखेर कुणीतरी माणूस भेटला.
कात्रीबाईंनी ना-हरकतीवर लगेच सही केली. "ती अठरा पानं टाकू नका. ती तुमची आहेत."
नाहीतर कुणाची असणार!

१९ मार्च
दोनशे दहा पानं. अठरा पानं तिसरं प्रकरण म्हणून घातली — आहेत तर असू देत. उद्या बाइंडरकडे. ताई जेवणाच्या टेबलावर पानं लावत बसली होती.
"हे तुला तरी कळतं का रे?"
"वाचावं लागतं त्यासाठी."
"वाचतेच आहे. त्या पत्रांशी आले तेव्हा भावाचा इतका राग आला! मग पुन्हा तुझी पोकळी सुरू."
तिचं मत कुणी विचारलं होतं?

२६ मार्च
बांधलेल्या प्रतीवर प्रमुखांची सही. शिक्काही. "अक्षर न् अक्षर वाचलं. आणि ते तिसरं प्रकरण! काय पकड आहे!" खाली उतरताना जिन्यात बाई दिसल्या. मी प्रत छातीशी धरून, मुद्दाम सावकाश गेलो.

२७ मार्च
ताईने पिशवीतून कागद काढले. "रागावू नकोस हं. एकोणीस तारखेला ती पत्रांची पानं वाचून पुरी व्हायची होती, म्हणून ड्यूटीवर नेली. परत ठेवायची राहूनच गेली बघ. तुझ्याकडे कॉम्प्युटरवर आहेतच ना?"
अठरा पानं.
बांधलेली प्रत पहिल्यांदा उघडली. पान साठ. मग एकोणऐंशी. तिसरं प्रकरण फक्त अनुक्रमणिकेत आहे.
कार्यालयात विचारलं. नवी प्रत बांधली तर सही नवी लागेल. म्हणजे प्रमुखांना सांगावं लागेल — सर, तुम्ही जे वाचलंत, ते त्यात नव्हतं.
प्रमुखांच्या दारापर्यंत गेलो. आतून आवाज आला, "ये रे, ये!" पाणी प्यायला आलो होतो, म्हणालो.

३१ मार्च
जमा केली. एकशे ब्याण्णव पानं.