हौसेची म्हणून नाकारलेली रजा

दि. १४ मार्च

प्रति,
मा. केंद्रप्रमुख,
पार्सल छाननी केंद्र.

विषय : पोटाच्या शस्त्रक्रियेनंतरची उर्वरित तीन आठवड्यांची रजा मंजूर करणेबाबत.
संदर्भ : रजा विभागाचा ‘हौसेची शस्त्रक्रिया, रजा नामंजूर’ हा शेरा, दि. १० मार्च.

महोदय,

१. मी आपल्या केंद्रात अकरा वर्षे छाननीचे काम करते. जुळ्या मुलींच्या बाळंतपणात माझ्या पोटाचे स्नायू मधोमध दुभंगले, कातडी ओघळली. चार वर्षे पाठदुखी सोसली. “कितवा महिना?” असे विचारले जाई, तो भाग वेगळा. सर्जनबाईंनी स्नायू शिवले, जादा कातडी काढली व सहा आठवडे विश्रांती लिहून दिली. रजा विभागाने तीनच दिले.

२. काय काय होईल ते बाईंनी आधीच सांगितले होते व तसेच झाले. दहा दिवस कमरेत वाकून चालले. सासूबाई म्हणाल्या, “आता तूच माझी सासू दिसतेस.” दोन्ही बाजूंना जखमेतले पाणी निचरण्याच्या नळ्या होत्या, त्या नणंदेने सांभाळल्या. अजूनही कूस बदलता येत नाही. गुडघ्यांखाली उशा घेऊन छताकडे पाहत पडावे लागते. शिंकेची धास्ती बसली आहे. मुली “आई, घे ना” म्हणून हात वर करतात, तेव्हा मी भिंतीकडे बघते.

३. तरीही दि. ८ रोजी हजर झाले. मुकादम म्हणाले, “पोट सपाट झालंय ना? मग उचला की!” नाही म्हणायला हवे होते, म्हटले नाही. दुसऱ्याच पोत्याला टाके सुटले. ते पुन्हा घालावे लागले. उर्वरित रजा पुन्हा मागितली, तेव्हा दि. १० चा सदर शेरा मिळाला.

४. हौसेबाबत : खोटे कशाला लिहू, आरशात पाहून बरे वाटले. परंतु बरे वाटल्यास रजा नाकारावी, असा नियम मला कोठेही आढळला नाही.

५. तरी तीन आठवडे रजा, त्यानंतर काही दिवस बैठे काम मिळावे व सदर शेरा खोडावा, ही विनंती.

६. परवा विभागातील दोन सहकारी भेटीस आल्या. दार लावून म्हणाल्या, “दाखव ना.” दाखवले. एकीच्या डोळ्यांत पाणी आले. तिलाही हाच त्रास आहे व तिने शस्त्रक्रियेची तारीख घेतलेली होती. माझ्या अर्जाचे काय होते ते पाहून मगच, असे म्हणून तिने ती पुढे ढकलली आहे.

आपल्या निर्णयाची वाट पाहत पडून असलेली,
(सही)
छाननी विभाग, हजेरी क्र. ११८

सोबत : वैद्यकीय प्रमाणपत्र. (छायाचित्र जोडलेले नाही.)