मधात नंबर

४ ऑक्टो. १९८८, सौंसर
संत्र्याच्या सोसायटीत कॉम्प्युटर येऊन महिना झाला. मी एकटीच चालवून राहिली. माल धुवायला कोणाची गाडी आधी, कोणाची मागून, तो नंबर यंदा कॉम्प्युटर काढणार. वहीवर दरवर्षी भांडणं. धुवायची शेड २४ला सुरू. प्रोग्राममध्ये लोकांनी अकरा गोष्टी मागितल्या. तेवढ्या दिवसांत सहा होतील.

७ ऑक्टो.
पाच ठरल्या. सहावीवर अडली. सेक्रेटरीसाहेब म्हणे, "लागलेल्या रांगेत मधात नंबर घालता आला पाहिजे. ते पहिले कर." मोठ्या बगीचेवाल्यांसाठी, अजून कोणासाठी!
"मग भांडण तेच राहीन ना साहेब?"
"तू प्रोग्राम लिही बाई."

१० ऑक्टो.
रामाकोन्याच्या सुभद्राबाई आल्या. नवरा जाऊन तीन वर्षं. बगीचा त्याच पाहतात, पण नंबरची चिठ्ठी निघते नवऱ्याच्या नावानं. शेडवाला हाक मारतो तीही त्याच नावानं. "माह्या मालाले माह्यं नाव नाही देत काय तुहं मशीन?"
म्हटलं तर एक रकाना. पण चिठ्ठी, यादी, सगळंच बदलावं लागते. आठ दिवस. साहेबांच्या कामालेही आठच, दोन्ही बसत नाही.
सु.बाईंचंच करते. ठरलं.

१३ ऑक्टो., पांढुर्णा
घरी आली. बाबा म्हणे, "नोकरीचं पक्कं लेटर सीझननंतर देतो म्हणाले ना? साहेबाले कायले दुखवतं?" भाजी छान होती पण जेवण गेलं नाही.

१५ ऑक्टो., सौंसर
रात्रभर पाणी पडलं. सकाळी दोन एकरवाला एक जण ऑफिसात. ज्यांची फळं गळाली, त्यांचा माल शेड उघडल्यावर दोन दिवसांत नाही धुतला तर सडते. "ताई, मशीनमंधी मधात नाही घालता येत काय?"
म्हणजे साहेब मागून राहिले तेच! डोकं चालून नाही राहिलं.

१६ ऑक्टो.
मधात नंबरचंच काम हाती घेतलं. पण कारण लिहिल्याशिवाय घालता येणार नाही, असं करते म्हटलं. साहेब चिडले. "कारण कायले पाहिजे?" सु.बाईंचं राहिलं.

२२ ऑक्टो.
सांगायला रामाकोन्याला गेली. त्यांनी चहा दिला. "सडते त्याचं पहिले कर, बरोबर हाय. पण तवरोक मी त्यायच्या नावाले ओ देत राहू काय?"


२४ ऑक्टो.
सुरू झालं. मधात तीन नंबर घातले. दोघांपुढे 'माल सडतो'. तिसरा मोठा बगीचेवाला, त्याच्यापुढेही साहेबांनी तेच लिहिलं. मी जाऊन पाहिलं, फळ ताजं होतं.
दुपारी सु.बाईंच्या नवऱ्याच्या नावाची हाक झाली. त्या गाडीजवळच बसून. उठल्या नाहीत. तीनदा हाक, मग पाळी गेली. मी धावत गेली, "बाई, तुमचा नंबर!"
"मले कोणी बोलावलं काय?"
आता त्यांची गाडी शेवटी. उद्या सकाळी मीच मधात घालू शकते. कोणाला कळणारही नाही. पण कारण काय लिहू? माल तर चांगला आहे. कोरं सोडलं तर प्रोग्राम घेत नाही.