बंद टाकी

प्रिय खारू,

चार वेळा हे पत्र लिहायला बसले आणि चारही वेळा उठून भांडी घासली. फोन केला असता, पण फोनवर तू मध्येच बोलतेस आणि मी माझं सोडून तुझं ऐकत बसते, हे आपलं शाळेपासूनचं. आज तू ऐक.

काका जाऊन दीड वर्ष होईल. पंपघराच्या दारावर त्यांनी चिकटवलेला पाणी सोडायच्या वेळांचा कागद अजून तसाच आहे, नवा पंपवाला त्यावरच चालतो. आपण दोघी त्या दारात बसून गृहपाठ करायचो आणि तुझे बाबा आधी माझं गणित तपासायचे, कारण तुझं बरोबर असणार हे त्यांना ठाऊक असायचं. बत्तीस वर्षं त्यांनी या वसाहतीचं पाणी सांभाळलं आणि कुणाला एकदा उलट बोलले नाहीत. माझ्या आईलासुद्धा नाही, यातच काय ते आलं.

सेक्रेटरीपद माझ्या गळ्यात पडून सहा वर्षं झाली. कुणालाच नको होतं आणि त्या सभेला मी उशिरा पोचले, एवढीच माझी पात्रता. गळके नळ, पार्किंगची भांडणं, दुसऱ्या मजल्यावरचा कुत्रा. नाकी नऊ आलेत गं. त्यात तीन वर्षांपूर्वी कमिटीनं प्रदूषणाचा विमा काढायचं ठरवलं. म्हणजे आपल्या आवारातून काही घाण झिरपून शेजाऱ्याची जमीन किंवा पाणी नासलं, तर त्याची भरपाई आणि साफसफाई विमा कंपनीकडे. अर्ज कुणी भरायचा? मीच. चौदावा प्रश्न होता, आवारात जमिनीखाली इंधनाची टाकी आहे का. जनरेटरची जुनी डिझेलची टाकी मला आठवली. पंपघरात जाऊन विचारलं, "काका, ती टाकी बंद आहे ना?" काका म्हणाले, "हो, बंदच आहे." मी वर आले आणि लिहिलं, लागू नाही.

मला वाटलं, बंद म्हणजे रिकामी करून बुजवलेली. त्यांच्या लेखी बंद म्हणजे वापरात नसलेली. पंप बंद, दिवा बंद, तशी टाकी बंद. आत डिझेल होतं तसंच.

यंदा ती गळली. उताराखालची रोपवाटिकावाली एका सकाळी विहिरीचं पाणी बाटलीत घेऊन आली, झाकण काढलं आणि बाटली माझ्या नाकाखाली धरली. ओरडली असती तर बरं झालं असतं. तिची निम्मी रोपं गेलीत. मग विमा कंपनीचा सर्व्हेअर आला. सज्जन माणूस, आवाज न चढवता विचारत होता, की टाकी नाही असं तुम्ही कशाच्या आधारावर लिहिलंत? नजरचूक असेल तर विमा टिकतो, माहीत असून लपवलं असेल तर नाही.

अध्यक्षांनी दुसऱ्याच दिवशी जबाब टाइप करून आणला. टाकी रिकामी करून बुजवली आहे असं पंपवाल्यानं आम्हाला सांगितलं, आम्ही विश्वास ठेवला. मी म्हटलं, काका असं म्हणालेच नव्हते. तर म्हणतात, "अहो ताई, ते आता आहेत कुठे? त्यांचं काय वाकडं होणार? अठ्ठेचाळीस घरांचा विचार करा. त्या बाईची विहीर तरी साफ होईल." मला कुठे धरलं की मी गप्प होते, हे त्या माणसाला नेमकं कळतं.

खारू, आता जे कुणालाच माहीत नाही ते सांगते. माझा घोळ काकांच्या लक्षात आला होता. अर्ज गेल्यावर चार दिवसांनी ते दुखऱ्या गुडघ्यांनी चार मजले चढून माझ्या दारात आले. धाप लागली होती. म्हणाले, "पोरी, मी नुसतं बंद म्हटलं. आत तेल आहे. उपसून घे बाई, पत्रा जुना झालाय." मी म्हटलं, "बघते काका," आणि दार लावलं. पाणीसुद्धा विचारलं नाही. पुन्हा अर्ज, पुन्हा कमिटी, पुन्हा त्याच तोंडांपुढे उभं राहायचं. अंगात त्राण नव्हतं गं. पुढच्या दोन्ही वर्षी विम्याच्या नूतनीकरणाच्या अर्जात मी मागचंच उतरवून काढलं. माहीत असून.

आणि त्या जबाबावर मी सही केली. हे तुला सांगायला म्हणून हे पत्र. आज सकाळी विमा कंपनीत जाऊन तो मागे घेतला आणि काका जिना चढून आले होते ते सगळं माझ्या हातानं लिहून दिलं. आता विमा मिळणार नाही, विहीर आम्हालाच साफ करून द्यावी लागेल, आणि बातमी दुपारीच पसरली, जिन्यात लोक मला बघून मान फिरवतायत. ते मी सोसेन. काका घरी या टाकीबद्दल काही बोलले होते का, याची खात्री करायला सर्व्हेअर तुला फोन करेल, त्याआधी तुला माझ्याकडून कळायला हवं होतं. माफी मागायला तोंड नाही, तरी मागते. नऊ दिवस त्या फाइलीत तुझे बाबा खोटारडे होते, खारू, आणि खाली सही माझी होती.

तुझीच,
ढब्बू