शास्त्र्याचं हसू

तात्या, तुम्हाला जाऊन वीस वर्षं झाली आणि मी अजून वर्तमानपत्रांना पत्रं लिहितो. खाली ‘एक औरंगाबादकर’ असं लिहितो. गावातले सगळेच औरंगाबादकर आहेत, तेव्हा खोटं काही नाही. तुम्ही असता तर म्हणाला असता, “शास्त्रीबुवा, चुकून खरं बोललेला माणूस लगेच माफी मागतो, तुम्ही तर आधीच मागून ठेवता.”

गुलमंडीच्या मागची आपली ती छापखान्याची खोली. तुमच्या साप्ताहिकाच्या शेवटच्या पानावर, खालच्या कोपऱ्यात, दर आठवड्याला माणसाच्या स्वभावावर तुमचं एकच वाक्य असे. ते छापण्याआधी तुम्ही चाचांना आणि मला वाचून दाखवायचात. चाचा छपाईच्या शिळेवर कागद दाबायचे, मी मजकूर तपासायचो. दोघंही हसलो की तुम्ही वाक्य टाकून द्यायचात. “दोघांनाही शेजारी आठवला. फुकट गेलं.” एखादा गप्प बसला की खूश व्हायचात. “लागलं! छापा.” पैठणला बारा वर्षं शास्त्रं घोकून मला जे कळलं नव्हतं, ते तुम्ही दोन माणसांच्या तोंडांकडे पाहून ठरवत होतात.

त्या दिवशी सकाळीच तहसीलदारांच्या कचेरीतला पेशकार दारात उभा राहिला. आदल्या अंकात लासूरची बातमी होती: भर उन्हाळ्यात गावची विहीर तहसीलदारांच्या घोड्यांसाठी अडवली, बाया दुपारपर्यंत रिकाम्या घागरी घेऊन बसतात. बातमीखाली ‘आमच्या बातमीदाराकडून’ एवढंच. तो बातमीदार मी. हे तुम्हाला ठाऊक, मला ठाऊक, चाचांनासुद्धा नव्हतं.

“किसने लिखा?” पेशकार विचारतो. “मी,” तुम्ही म्हणता. तो तुमच्या सुजलेल्या पायांकडे पाहतो. “आप तो चौक तक नहीं चलते, तात्यासाहब. लासूर कब गए?”

“जायला पाय लागतात, साहेब. ऐकायला कान पुरतात.”

मग त्याची नजर माझ्यावर येते. माझ्या मांडीवर कागद, बोटांना शाई. “और ये?”

“हे शास्त्री. शुद्धलेखन बघतात. खऱ्याखोट्याशी यांचा संबंध नाय.”

पेशकार हसला. मगरिबच्या, म्हणजे सूर्यास्ताच्या, अजानपर्यंत नाव सांगा, नाहीतर छापखान्याला कुलूप आणि मोहर, असं सांगून गेला. न्यायशास्त्रातले हेत्वाभासाचे, म्हणजे फसव्या कारणांचे, पाचही प्रकार मला पाठ होते. त्या दुपारी मी पाचही वापरले. घरात नवी बायको आहे. पाठशाळेची नोकरी जाईल. तात्यांचा दरारा आहे, त्यांना कोण हात लावतंय. विचारलं तर सांगूच की. आणि कुणी विचारत नाहीये, म्हणजे सांगायची गरज नाही. तुम्ही मात्र रोजच्यासारखे तेलकट शाईनं शिळेवर उठवायच्या पिवळ्या कागदावर लिहीत होतात. चाचा म्हणाले, “तात्या, आता काय लिहिता? सांजेला कुलूप लागतंय.” तुम्ही म्हणालात, “अजान व्हायचीय अजून.”

ऊन उतरल्यावर तुम्ही कागद उचललात आणि वाचलंत, “भित्रा माणूसही खरं लिहितो, फक्त खाली सही करत नाही.”

चाचा खो खो हसले. ते सहीच्या जागी अंगठाच उठवायचे, त्यांना त्यात धोका नव्हता. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. फार वेळ नव्हे, चष्मा पुसायला लागतो तेवढा. आणि मी हसलो. चाचांपेक्षा मोठ्यानं.

“दोघं हसलात,” तुम्ही म्हणालात. “मग नाय छापता येत.” कोपरा कोरा ठेवलात. अजान झाली, पेशकार दोन शिपाई घेऊन आला, तुम्ही पुन्हा “मीच” म्हणालात. दाराला लाख लागली. आठ दिवसांत निजामाचा इलाखा सोडायचा हुकूम झाला.

हद्दीपलीकडे नगरला जायला बैलगाडीत बसलात तेव्हा मी पाया पडलो. तुम्ही तो पिवळा कागद माझ्या हातात ठेवलात. “ठेवा. फक्त पाठ नका करू, तेवढंच येतं तुम्हाला.” पुढल्या वर्षी तुम्ही तिकडेच वारल्याची खबर आली. लासूरची विहीर त्याआधीच मोकळी झाली होती. ते तुम्हाला कुणी कळवलं का, ठाऊक नाही. मी कळवलं नाही. पत्रावर नाव घालावं लागलं असतं.

तो कागद आत्ता समोर आहे. तात्या, चाचा खरंच हसले होते. मला हसू आलं नव्हतं. वाक्य छापण्याजोगं होतं.

खाली पूर्ण नावानिशी सही केली आहे. हे पत्र कुठं टाकायचं नाहीये, म्हणूनच जमली.