सात आठवडे, पण कुठल्या दिवसापासून

१७ तारीख, रविवार, दुपार

प्रिय घारे,

चूक माझी नाहीच. सात आठवड्यांनी परत येतो म्हणालो, ते कामाचे सात आठवडे, निघाल्या दिवसापासूनचे नव्हेत, हे मी तुला गाडीच्या पायरीवर उभं राहून सांगितलं होतं. तू म्हणतेस, सांगितलं नाहीस. मी म्हणतो, इंजिनाच्या आवाजात तुला ऐकू आलं नसेल. तू मोजलंस मी निघालो त्या गुरुवारापासून. मी मोजलं कापणी सुरू झाली त्या सोमवारपासून. मधले अकरा दिवस आम्ही कापणीच्या मशीनचा पट्टा यायची वाट बघत नुसते बसून होतो, ते दिवस कशात धरायचे? आता यावर पुन्हा भांडायचं नाही.

बाकी तू कशी आहेस? आईचा गुडघा काय म्हणतो? मी मजेत. खोकला गेला.

तुझं पत्र मिळालं. चार पानी. ट्रॅक्टरवाल्या काकांनी हातात दिलं तेव्हा पाकिटाच्या वजनावरूनच मी खूश झालो. खाटेवर बसून वाचायला घेतलं. पहिल्या अर्ध्या पानात मला झाडलंस, ते ठीक, तेवढा तुझा हक्क आहे. शेवटच्या चार ओळी आईच्या. मधली सगळी पानं कुणाची? त्या शब्दवाल्याची.

मी इथे आलो त्याच आठवड्यात तू लिहिलं होतंस, "छापखान्यात एक गृहस्थ आलेत, बायबलातल्या सुगीच्या सणांवर पुस्तक छापायचंय, जुने हिब्रू शब्द आणि त्यांचे अर्थ, मुद्रितं मी तपासणार आहे." तेव्हा ते 'एक गृहस्थ' होते. पुढच्या पत्रात 'लेखक' झाले. आता या पत्रात बघ, मी पेन्सिलीने खुणा केल्यात, नऊ वेळा आहे, 'हे म्हणाले', 'हे हसले', 'हे छत्री घेऊन आले'. घारे, 'हे' म्हणजे मी! बायका नवऱ्याला 'हे' म्हणतात. शब्दांचे अर्थ तपासतेस ना? मग आधी हा तपास.

काकांना मी ती ओळ वाचून दाखवली. ते नांगराचा फाळ पुसत होते.

"मान देऊन लिहिलंय रे बाईनं. मोठ्या माणसाला काय 'तो' म्हणेल?"

"मोठा कुठला? माझ्याहून पाचेक वर्षांनी."

"तुला काय ठाऊक, तू बघितलायस का त्याला?"

मी दुसरं फडकं घेऊन फाळाची दुसरी बाजू पुसायला लागलो.

आता तुझ्या शब्दांकडे येतो, नाहीतर म्हणशील मी वाचलंच नाही. सगळं वाचलं. दोनदा. ओमेर म्हणजे पेंढी, आणि ओमेर म्हणजेच धान्याचं एक मापही. जवाची पहिली पेंढी वाहायची आणि तिथून सात आठवडे मोजायचे. कळलं. इथे मी दिवसाला इतक्या पेंढ्या उचलतो की त्या लोकांना मोजायला वर्ष पुरलं नसतं. मग तू लिहितेस, मोजायला सुरुवात 'शब्बाथच्या दुसऱ्या दिवसापासून' करा असं लिहिलेलं आहे, पण शब्बाथ, म्हणजे विसाव्याचा दिवस, तो कुठला, दर आठवड्याचा की सणाचा पहिला दिवस, यावर तिथले शहाणे लोक पिढ्यान्‌पिढ्या भांडले. आणि त्याखाली तू लिहितेस, "अगदी आपल्यासारखंच! मी ह्यांना आपलं भांडण सांगितलं तर हे इतके हसले."

हसले.

मी आलो नाही, तू गाडीतळावर उन्हात तीन तास उभी राहिलीस, आणि ही गोष्ट त्या माणसाला हसायला दिलीस. तुला राग आला होता तर मला चार शिव्या जास्त घालायच्या होत्यास. आपल्या घरातलं भांडण होतं ते. त्याच्या पुस्तकातलं उदाहरण नव्हतं.

दुसरं ते सात आणि शपथ. आठवडा म्हणजे शावुआ, शपथ म्हणजे शेवुआ, आणि दोन्ही आले सात ह्या शब्दातून. मी निघताना म्हणालो होतो, "सात आठवडे, शप्पथ." म्हणजे अडाणी माणूस एकाच वाक्यात एकच गोष्ट दोनदा बोलून गेला. यावरही हसले असतील तुझे ते.

मुकादमाने रजा दिली नाही असं मी मागच्या पत्रात कळवलं होतं. मुकादम तसा वाईट माणूस नाही. माणसं कमी आहेत, हे खरं. वरच्या अंगाचं शेत उशिरा पेरलेलं आहे, ते अजून उभं आहे, हेही खरं. आईला सांग, जेवण वेळेवर मिळतं. जोडे फाटले होते ते शिवून घेतले. तू केस कापलेस ते बरं केलंस, मान मोकळी दिसते.

वरचं शेवटचं वाक्य खोडणार होतो. पण तूच शिकवलंयस की खोडलेलं लोक जास्त लक्ष देऊन वाचतात. तर राहू दे. केसांचं तू मला लिहिलेलं नाहीस. कुणीच लिहिलेलं नाही.

रजा मिळाली होती. माझ्या हिशेबाने सात आठवडे रविवारी तीन तारखेला भरले, सोमवारी मी निघालो आणि मंगळवारी दुपारी दोन वाजता तुमच्या छापखान्यासमोर होतो. आधी घरी गेलो नाही. म्हटलं, तुला कामावरूनच घेऊन जाऊ, आईच्या समोर दोघं एकदम उभे राहू. दाढी करून आलो होतो. समोर तो चष्मेवाला शिंपी आहे ना, त्याच्या दुकानाच्या पायरीवर पिशवी ठेवली आणि केस नीट करायला त्याच्या आरशात बघितलं. त्याच आरशात तुमची खिडकी दिसते.

तुम्ही दोघं टेबलाशी होतात. तो हस्तलिखित मोठ्याने वाचत होता, तू छापील कागदावर नजर फिरवत होतीस. कामाची रीत आहे ती, मला माहीत आहे, एकाने वाचायचं, दुसऱ्याने बघायचं. तेवढ्याने काही झालं नसतं. पण त्याने बहुतेक एक ओळ गाळली. आणि तू मान वर न करता पेन्सिलीने त्याच्या बोटावर टकटक केलंस.

लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी तू मला लिहायला बसवायचीस. माझी वेलांटी चुकली की टकटक. उकार चुकला की टकटक. चौथीत शाळा सुटलेल्या माणसाला तू पत्र लिहिण्याजोगं केलंस ते त्या पेन्सिलीने. मला वाटायचं, ती टकटक फक्त माझी आहे. कुणाचा हात धरलेला बघितला असता तर मी आत येऊन टेबल उलटं केलं असतं. पेन्सिलीवर काय भांडणार? कुणाला सांगणार? ट्रॅक्टरवाल्या काकांना?

शिंपी म्हणाला, "कुणाकडे आलात? आत जा की, उघडंच आहे."

मी म्हटलं, "चुकीच्या गल्लीत आलो."

"कुठल्या गल्लीत जायचंय?"

मी पिशवी उचलली आणि चारची परतीची गाडी धरली. आईला भेटलो नाही. तिच्यापासून दहा मिनिटांवर होतो आणि तिचा गुडघा कसा आहे हे आता पत्रातून विचारतोय. हे तिला सांगू नकोस. मला सांग, हवं ते बोल, पण तिला नको.

परत आल्यावर मी तुला मुकादमाचं खोटं लिहिलं. मुकादमाने मला दोन दिवस आधीच परत आलेला बघून विचारलं, "बायको घरी नव्हती का?" मी म्हटलं, "होती."

तुझ्या पत्रात एक शब्द आहे, त्याच्यावर तू फार लिहिलं नाहीस, एकच ओळ. मोएद. आपण ज्याला सण म्हणतो त्याला ते मोएद म्हणतात, आणि त्याचा साधा अर्थ ठरवलेली वेळ, भेटायची ठरलेली वेळ. ती ओळ वाचून मी पत्र मिटवून ठेवलं होतं. तू ठरल्या वेळी तीन तास उभी राहिलीस. मी ठरल्या वेळी येऊन आरशात बघून पळालो. चूक माझी नाहीच असं वर लिहिलंय, ते भांडणापुरतं धर.

आता तुमच्या त्या प्रश्नाचं, अवीव म्हणजे जवाची नेमकी कुठली अवस्था. तो त्याचा आहे हे मला कळतं, पण अक्षर तुझं आहे, म्हणून उत्तर देतो. ते पान पंचवीस तारखेला छपाईच्या मशीनवर चढणार म्हणतेस. आज सकाळी वरच्या शेतात गेलो. तिथला जव तुम्ही म्हणता त्या अवस्थेत आहे, मला खात्री आहे. असं लिहा: ओंबी भरलेली, रंग हिरवाच, पण कुसळांच्या टोकांना पिवळेपणा धरलेला. दाणा नखाने दाबला तर दूध येत नाही, भिजवलेल्या कणकेसारखा दबतो. ओंबी आगीवर धरली तर दाणा आक्रसून जात नाही, भाजतो, आणि खाता येतो, मी खाल्ला. देठ कडक होत आलेला असतो, गारा पडल्या तर वाकणार नाही, मोडेल. कच्चा नाही आणि पिकलेलाही नाही. त्याला अवीव म्हणायचं आणि त्यावरून महिन्याचं नाव ठेवायचं, हे ज्याने केलं तो माणूस शेतात उभा राहणारा होता, टेबलाशी बसणारा नव्हे. हे शेवटचं वाक्य पुस्तकात घालायची गरज नाही. पण त्याला वाचून दाखव.

आणि तू स्वतः बघायला ये. हे मी त्याच्या पुस्तकासाठी म्हणत नाही. ही अवस्था आठ-दहा दिवस टिकते, मग सगळं पिवळं होतं. मुकादमाशी आज सकाळीच बोललो, खरंच बोललो, काकांना साक्षीला ठेवून. वरचं शेत कापून झालं की मी सुटतो. तोवर काकांची पुतणी राहते त्या खोलीत तुझी सोय होईल, तिच्या आईने हो म्हटलंय. मग आपण दोघं बरोबरच निघू. छापखान्यात काय सांगायचं ते तुझं तू ठरव. नाही आलीस तरी मी येईन, पण मग मला आतून कुणी बोलवायला हवं, मी आपण होऊन त्या दारात जाईन याचा भरवसा देत नाही.

माझ्या ह्या पत्रातल्या चुका काढशीलच. समोर बसून काढ.

तुझा,
बोट पुढे करून बसलेला,
मी

ता. क. तिकीट साडेसहाशे झालंय. तुझं एकटीचं इकडे यायचं आणि आपलं दोघांचं परत जायचं, असं धरून सोबत एकोणीसशे पन्नास पाठवतो आहे.